उंबरठ्यावरचा नवा

आश्विन लागायच्या आधी चार-सहा दिवस असे येतात, की चंद्रपूरच्या हवेतला कोळसा थोडा मागे सरतो. मी ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते तिची मागची खिडकी एका रिकाम्या प्लॉटवर उघडते. पावसाळाभर तिथे गवत माजलेलं असतं. दुपारी तीनच्या सुमाराला ढग फाटून ऊन पडलं, की त्या गवतातून वाफ निघते आणि स्पिरिटच्या वासात काहीतरी ओलसर, कोमट, दुधासारखं मिसळतं. मी मायक्रोस्कोपवरून डोळा उचलते. ते गवत आहे, धान नाही, हे मला माहीत असतं. तरी पायाच्या बोटांमधून चिखल सरकल्यासारखा वाटतो.

यंदा त्या वासाच्या मागोमाग मोठ्या मायचा फोन आला. मोठी माय म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको. पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगल जिथे शेतात उतरतं तिथे आमचं गाव आहे. बाबा नोकरीसाठी बाहेर पडले, मोठेबाबा आणि मोठी माय तिथेच राहिले. फोनवर ती ओरडून बोलते, मधलं अंतर आवाजानेच कापायचं असल्यासारखी. हलका, लवकर येणारा धान पिवळा पडला, येत्या गुरुवारी नवा आहे, एवढं सांगून ती थांबली. मग म्हणाली, "यंदा घरात पोरगी नाई कोनी. पहिलं मुसळ तुलेच टाका लागते. येशीन नं?"

मी हो म्हटलं. माझं हो इतकं हळू असतं, की तिने ते तीनदा विचारलं.

आमच्याकडे धान पिकलं म्हणून कुणी लगेच खात नाही. जे गेले त्यांना आधी द्यायचं, मग आपण घ्यायचं. तो दिवस म्हणजे नवा. तोवर कापणाऱ्या बाईनेसुद्धा दाणा दाताखाली धरायचा नाही. त्या सकाळी शेतातून लोंब्यांची एक पेंढी येते, दाणे मडक्यात जरासे भाजतात, अंगणातल्या उखळात कांडतात, आणि ते तांदूळ दूध-गुळात कालवून पानावर पहिल्यांदा पूर्वजांपुढे ठेवतात. पहिलं मुसळ टाकायचं ते घरातल्या लग्न न झालेल्या मुलीने. तिने नवा चाखलेला नसावा, एवढीच अट. अट साधी आहे. मी अकरा वर्षांची असताना मलाही ती पाठ होती.

मी वाढले गडचांदूरला, सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत. तिथे झाडांची पानं हिरवी असतात हे पाऊस पडून गेल्यावर कळतं, ते पण दोन दिवस. चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडाला की शोकेसमधले कप एकमेकांना लागून किणकिणायचे आणि आई त्यांच्याकडे न बघताच हात पसरून शोकेस धरायची. शाळेत इंग्रजी, मैदानात हिंदी, घरात मराठी. गावी गेलं की बायका आपापसात गोंडी बोलत, आणि आमच्याशी बोलताना झाडीपट्टीची मराठी. मला सगळं कळायचं, गोंडी सोडून. पण माझ्या तोंडून यातली कुठलीच भाषा नीट निघायची नाही. मी गप्प राहायचे. त्याला सगळे लाज म्हणायचे, आणि मीही म्हणू दिलं. लाज होतीच. पण तिच्या आड बऱ्याच गोष्टी ठेवता येतात, हेही मला लवकर कळलं होतं.

गावाकडे जाणारी बस आठवते. राजुरा, मग वर्धा नदीचा पूल, बल्लारपूर, आणि मग हळूहळू खिडकीबाहेरचा रंग बदलत जायचा. राखाडी, मातकट, मळका हिरवा, आणि एका वळणानंतर असा हिरवा की डोळ्यांना त्याची सवय व्हायला वेळ लागायचा. बाबा बसमध्ये हळूहळू सैल होत जायचे. बल्लारपूरपर्यंत ते कॉलनीतल्यासारखे बोलत. पोंभुर्ण्याला उतरेस्तोवर 'मला'चं 'मले' झालेलं असे. मला वाटायचं, बसमध्ये एक माणूस चढलाय आणि दुसराच उतरलाय, आणि दोघेही माझे बाबा आहेत.

आणि सुनी. मोठ्या मायची धाकटी लेक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सुनीची सावलीसुद्धा तिच्यापेक्षा जोरात चालायची असं मला वाटे. ती झाडावर असायची, नाहीतर पाण्यात. मी काठावर. ती माझ्यासाठी बोलायची पण. मोठ्या मायला सांगायची, पिंकीले भूक लागली, पिंकीले झोप आली. मी नुसतं तिच्याकडे बघायचे आणि तिला कळायचं.

मी अकराची होते त्या वर्षी मुसळाची पाळी सुनीची होती. तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं आणि पहिलं मुसळ आता सुनीचं होतं. लेक परणून गेली की तिचा नवा सासरी होतो, तिचे पूर्वज बदलतात, माहेरच्या उखळाशी तिचं काही राहत नाही. सुनी किती वर्षं तिच्या मागे उभी राहून बघत आली होती. पावसाळाभर तिने कोंडा कांडून सराव केला होता. तळहात माझ्यापुढे धरून तिने फोड दाखवले, अंगठ्याच्या मुळाशी एक आणि बोटांखाली तीन. ते मी बोटाने दाबून पाहिले. ती हसली आणि म्हणाली, मुसळ उचलायचं नसते, त्यालेच वर जाऊ द्यायचं असते, आपण फक्त सोडू नये.

नव्याच्या आदल्या दिवशी आम्हाला शेतात बसवलं होतं, राघू हाकलायला. एवढं काम कुणालाही देता येतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसून पाय खाली बांधीतल्या, धानाच्या खाचरातल्या पाण्यात सोडले होते. पाणी वरून गरम आणि तळाशी गार. चतुर असे तरंगत होते की कुणी त्यांना दोऱ्याने टांगलंय. लांब बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या पलीकडे जंगलावर ढग टेकला होता आणि तो ढग आहे का धूर आहे यावर आम्ही बराच वेळ घालवला. राघूंचा थवा यायचा, सुनी डबा वाजवायची, थवा वळायचा. मला ते वळणं फार आवडायचं. सगळा हिरवा तुकडा एकदम उलटून पांढुरका व्हायचा. थवा यावा म्हणून मी मनात वाट बघायचे, धान खायला आलेल्या पाखरांची.

सगळं धान एकदम पिकत नाही. धुऱ्याच्या कडेला सावलीत राहिलेल्या काही लोंब्या अजून कच्च्या होत्या. मी एक दाणा काढून नखाने दाबला. दूध आलं. पांढरं, जरा दाट, नखावर थांबलेलं. मी ते जिभेला लावलं. मग दाणाच तोंडात टाकला. कुणी सांगितलं नव्हतं, भूक नव्हती, धाडस तर माझ्यात नव्हतंच. इतकं सुंदर दिसत होतं, की ते नुसतं बघून सोडून देता येईना, एवढंच.

सुनी बघत होती. मी दुसरा दाणा काढला आणि तिच्यापुढे धरला.

"नवा नाई झाला अजून," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला नाही. मी काही मागत नसे, देतही नसे, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा तिला काहीतरी देत होते. तिने एकदा गावाच्या दिशेने पाहिलं. मग माझ्या तळव्यावरून दाणा ओठांनीच उचलला, वासरासारखा. आम्ही दोघी हसलो. राघू आले, आणि डबा वाजवायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मला तुकड्यातुकड्यांत दिसते. शेणाने सारवलेल्या अंगणावर आलेलं तिरपं ऊन. मडक्यातल्या धानाचा भाजका वास. सुनीने तेल लावून घट्ट घातलेली वेणी. उखळाशेजारी आडवं ठेवलेलं मुसळ, त्याच्या मधोमध हातांनी झालेली गुळगुळीत खाच. मोठेबाबा उखळापुढे उभे राहिले. कांडायच्या आधी ते तीनदा विचारतात, आणि दर वेळी मध्ये इतकं थांबतात की एखाद्याला आठवायला वेळ मिळावा. ज्याने आधी खाल्लं असेल त्याने सांगायचं. रागवत नाहीत, काही दंड नाही. त्याने घराच्या उंबरठ्यावर बसायचं, धड आत नाही धड बाहेर नाही, आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी खायचं. लहान पोरं दर वर्षी एकदोन सापडतात, त्यांना भुक्कड म्हणून चिडवतात आणि संपतं. कांडणारी सोडून बाकी कुणाला त्याचं काही जड जाऊ नये, अशीच ती रीत आहे.

"कोनी चाखलं असन तं सांगा," मोठेबाबा म्हणाले.

"मी," सुनी म्हणाली. लगेच म्हणाली.

मोठ्या मायच्या हातातलं सूप थांबलं. मोठेबाबा दुसऱ्यांदा विचारत होते. सुनीने माझ्याकडे पाहिलं. ते बघणं रागाचं नव्हतं, इशाऱ्याचंही नव्हतं. ती वाट बघत होती, नेहमी मी काही बोलते का याची बघायची तशी. मी माझ्या पायाच्या नखांकडे बघितलं. डाव्या अंगठ्याच्या नखात चिखलाची बारीक कोर राहिली होती. ते मला आजही दिसतं. तिसऱ्यांदा विचारून झालं. कुणीतरी बाई हसत म्हणाली, पिंकीले काय इचारता, ते तं पाणी बी मांगत नाई. सगळे हसले, आणि त्या हसण्यात माझ्या गप्प राहण्याचं नाही होऊन गेलं.

मुसळ माझ्या हातात आलं.

ते मला उचलेना. मग सुनीचं वाक्य आठवलं आणि मी त्याला वर जाऊ दिलं, फक्त सोडलं नाही. पहिला ठोका बरोबर उखळात पडला. शहरातल्या पोरीला जमलं म्हणून बायकांनी तोंडावर हात ठेवले. बाबांनी फोटो काढला. तो गडचांदूरच्या घरात टीव्हीच्या वर लावलेला आहे, मोठा करून, फ्रेम करून. कॉलनीतले पाहुणे आले की बाबा तो दाखवतात. फोटोत मी आहे, मुसळ आहे, ऊन आहे. डाव्या कडेला दाराची चौकट अर्धी आलीय, आणि उंबरठ्यावर एक अनवाणी पाय. बाकी माणूस फ्रेमच्या बाहेर राहिलाय. तो पाय कुणाचा, हे आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही.

मोठी माय दोन दिवस सुनीशी बोलली नाही. आपल्याच पोटची पोर, आणि ऐन तिच्या पाळीला, असं तिने शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं. सुनीने मात्र शेवटी बसून नवा खाल्ला तो चाटूनपुसून. दुपारी बोडीवर मडकं धुताना ती मला म्हणाली, "दारातला नवा जास्त गोड लागते." ती टोमणा मारतेय का माझी समजूत काढतेय, हे मला कळलं नाही. मी मडकं धूत राहिले. पुढे कितीतरी वर्षं, परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर यायची वाट बघताना, बसमध्ये, स्लाइडवर थेंब पसरवताना, ते वाक्य मी उलटसुलट करून पाहिलं. दोन्ही बाजूंनी ते सारखंच बोचायचं.

पुढच्या वर्षी घरात सुतक होतं, नवा झाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी सुनी शिकायला गडचिरोलीच्या वसतिगृहात गेली, नर्सिंगला लागली, त्या दिवसांत तिला सुट्टी मिळेना. भावकीतल्या मुली मुसळ टाकत राहिल्या, आणि एकेक करून सासरी गेल्या. सुनीला भामरागडच्या पलीकडच्या उपकेंद्रात नोकरी लागली आणि तिने तिथलाच नवरा केला. आता तिचा नवा तिकडे, त्या नदीच्या अंगाला, वेगळ्या पूर्वजांपुढे. तिच्या वाटचं मुसळ राहून गेलं ते गेलंच. मी ते परत करू शकत नाही, हे मला तिच्या लग्नात कळलं. मांडवात ती माझ्या कानात म्हणाली, पिंकी आता तरी बोलत जाय, आणि मी हसले.

मोठ्या मायच्या फोननंतर मी सुनीला फोन लावत राहिले. लागला नाही. त्या बाजूला पाऊस थांबलेला नव्हता, नदी पुलाच्या वर होती, रस्ता बंद, टॉवर बंद. दर वर्षीचं आहे. मी मेसेज लिहिला आणि पुसला. पुन्हा लिहिला. लिहिण्यात मी हुशार आहे, लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही. म्हणून तो पाठवला नाही.

बुधवारी संध्याकाळी गावी पोचले. वाटेत बांधीबांधीत पिवळा आणि हिरवा एकमेकांत मिसळला होता. बाबांना ड्यूटी होती. त्यांनी फोनवर सांगितलं, फोटो काढायले लाव कोनाले. मोठी माय बारीक झाली आहे. मोठेबाबांना ऐकू येत नाही, म्हणजे येतं, पण ते आधी चेहऱ्याकडे बघतात आणि मग कान पुढे करतात. मुसळ तेच. खाच आणखी खोल झाली आहे.

सकाळी अंगणात तेच तिरपं ऊन होतं. भाजक्या धानाचा वास आला आणि मला क्षणभर कळेना मी किती वर्षांची आहे. मोठेबाबा उखळापुढे उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यांदा विचारलं. मी बोलले. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मी पुन्हा बोलले, जरा मोठ्याने, आणि आवाज मध्येच फाटला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, जवळ आले, कान पुढे केला, आणि तिसऱ्यांदा मलाच विचारलं.

"मी चाखला होता," मी ओरडले. कोंबड्या बाजूला पळाल्या. "यंदा नाई. सुनीच्या पाळीले. मीच आधी खाल्ला, आन् मीच तिले देल्ला."

माझ्या तोंडून ती भाषा कशी निघाली मला माहीत नाही. मोठी माय सूप घेऊन बसली होती. ती पाखडत राहिली, बराच वेळ, धानात आता पाखडण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. मग सूप न ठेवताच तिने विचारलं, "सुनीले सांगतलं?"

"तिले माहीत हाय," मी म्हटलं.

"माहीत हाय ते नाई इचारत. तू सांगतलं का?"

मी मान हलवली. नाही. तिने सूप खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होते मी, मला तो हवा होता. तिथे चौदा वर्षांपूर्वीचे दोन दिवस होते. ते मला दिसले, आणि राग मिळाला असता तर बरं झालं असतं असं वाटलं.

"मंग बस दारात," मोठेबाबा म्हणाले. शिक्षा नव्हती, जागा दाखवावी तसं म्हणाले.

मी उंबरठ्यावर जाऊन बसले. आता मुसळ कोण टाकणार हा प्रश्न होता. मोठी माय म्हणाली, मी तर सून, सून चालत नाही, घरचीच पाहिजे. शेजारणीने सुचवलं, लांबच्या भावकीत कुणाला निरोप पाठवू. मोठेबाबांनी यातलं किती ऐकलं कुणास ठाऊक. त्यांनी धोतर खोचलं आणि मुसळ उचललं. मी बी घरचाच हाय, म्हणाले. बायका इतक्या हसल्या की एकीला खाली बसावं लागलं. त्यांचा पहिला ठोका उखळाच्या काठाला लागला, दाणे अंगणभर उडाले, आणि मोठी माय हसता हसता डोळे पुसायला लागली. ते पुसणं बराच वेळ चाललं. मग तिने त्यांच्या हातावर हात ठेवून मुसळ सरळ धरून दिलं.

उंबरठ्यावरून सगळं वेगळं दिसतं. मागे घरातला काळोख गार असतो, पुढे अंगण तापत असतं, आणि पाठ आणि पोट वेगवेगळ्या ऋतूंत असतात. त्या वर्षी इथून सुनीला मी दिसत होते. मुसळ उचलताना, फोटोसाठी थांबताना. तिने पाय कुठे ठेवला असेल ते मी शोधलं. चौकटीच्या डाव्या अंगाला लाकूड जरा झिजलं आहे. मी तिथे माझा पाय ठेवला.

आत पूर्वजांपुढे पान ठेवून झालं. सगळ्यांनी खाल्लं, धाकट्यांनी थोरल्यांच्या पायाला हात लावून जोहार केला, मोठेबाबांना दुसऱ्यांदा हवा होता तो मोठ्या मायने दिला नाही. ऊन वर चढलं. उरलेला नवा मडक्यात तसाच होता. मग मोठ्या मायने मोहाच्या पानांचा द्रोण माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता डोक्यावरून एकदा हात फिरवून आत गेली.

मी खाल्लं. इतका वेळ तांदूळ दुधात मुरत राहिले होते. त्यांनी सगळं दूध पिऊन घेतलं होतं, तळाशी गूळ पूर्ण विरघळला होता, आणि प्रत्येक दाणा फुगून मऊ झाला होता. पहिल्यांदा खाणाऱ्यांना हे मिळत नाही. त्यांच्या पानात दूध वेगळं, दाणा वेगळा, गूळ दाताखाली. मी त्या वर्षी तसाच खाल्ला होता, सगळ्यात आधी, आणि चव आठवत नाही.

सुनीने टोमणा मारला नव्हता. समजूतही काढली नव्हती. तिने मला फक्त चव सांगितली होती.

मी फोन काढला. मी कुणाला आवाज पाठवत नाही, माझा आवाज मला ऐकवत नाही. बटण दाबून धरलं. अंगणात मोठेबाबा मुसळ कोपऱ्यात उभं करत होते, एक कोंबडी उडालेले दाणे शोधत होती. मी म्हटलं, "सुनी, त्या वर्सी मी गप्प बसली. आज सगळ्यायच्या समोर सांगतलं. आता दारात बसून खाऊन राह्यली." मग थोडं अंगण ऐकू येऊ दिलं. "गोड लागते, सुनी. खरंच लागते."

बोट उचललं. एकच करडी खूण उमटली. तिकडे अजून पाणी पुलाच्या वर असेल. मी द्रोण तोंडाला लावून तळाचं दूध प्यायले आणि पाय तिथेच ठेवून बसून राहिले.